‘काहीही चालेल’ म्हणणारी मुलगी आणि तिची कांद्याच्या भावांची वही

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी कॉमर्स ८१ टक्क्यांनी उत्तीर्ण झाली. अकरावीला गणिताऐवजी एसपी (सेक्रेटरिअल प्रॅक्टिस, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती) घेतलं होतं. माझा पुतण्या दिल्लीत बीए ऑनर्स इकॉनॉमिक्स करतोय. हिनेही तेच करावं आणि पुढे यूपीएससी द्यावी, अशी आमची इच्छा आहे. गरज पडली तर एक वर्ष ड्रॉप घेऊन गणित करून घेऊ, पैशाची अडचण नाही. गणित प्रवेशापुरतंच लागेल ना? तिला विचारलं तर ‘काहीही चालेल’ म्हणते. अभ्यासात लक्ष कमी, लासलगावचे कांद्याचे भाव वहीत लिहीत बसते. दिल्ली चांगलं की पुणे?
– एक पालक, निफाड तालुका

तुमचं पत्र अडीच पानांचं होतं, वर मी ते आटोपशीर करून दिलं आहे. मी ते दोनदा वाचलं. पुतण्याचं कॉलेज, त्याचं होस्टेल, त्याचे मार्क, त्याच्या क्लासची फी, सगळं त्यात तपशिलाने आलंय. पुढे काय करायचं याबद्दल मुलीच्या तोंडचे शब्द मात्र दोनच आहेत, ‘काहीही चालेल’. मला काळजी वाटते ती या दोन शब्दांची. टक्क्यांची नाही.

माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या कितीतरी मुली हेच उत्तर देतात. कोणता विषय आवडतो असं विचारलं की आधी वडिलांकडे बघतात, मग आईकडे, आणि मग म्हणतात, काहीही चालेल. आई-बाबांना बाहेर बसवून थोडा वेळ गप्पा मारल्या की कळतं, या मुलींनी पूर्वी एकदा-दोनदा मनातलं सांगून पाहिलेलं असतं. ते कुणी मनावर घेतलं नाही, म्हणून त्यांनी सांगणं सोडलं. तुमच्या घरी हे कधी झालं ते तुम्हीच लिहिलंय. दहावीनंतर तिला आर्ट्सला जायचं होतं, पण ‘आर्ट्सला कोण जातं’ म्हणून तिला कॉमर्सला घातलंत. मग गणित घेतलं तर टक्केवारी घसरेल असं क्लासच्या सरांनी सांगितलं, म्हणून एसपी घेतलं. आता दिल्लीला गणित लागतं, म्हणून वर्ष ड्रॉप. तिला आर्ट्स का हवं होतं आणि पुढच्या दोन्ही ठिकाणी तिला काय वाटत होतं, याबद्दल पत्रात एक ओळही नाही. तिसऱ्या खेपेला ती ‘काहीही चालेल’ म्हणाली, यात नवल ते काय?

पैशाची अडचण नाही असं तुम्ही लिहिता. पण ड्रॉपमध्ये खर्ची पडणार आहे ते तिचं अठरावं वर्ष. मैत्रिणी कॉलेजला जात असताना ती घरी एकटी बसून गणित करणार, तेही चुलतभावाची बरोबरी करायला. अशा वर्षात खचलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. मी तुमच्या जागी असतो तर हा विचार आजच सोडून दिला असता.

गणित प्रवेशापुरतंच लागेल का? हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि तो मुलांना महागात पडतो. बारावीचं अर्थशास्त्र व्याख्या, वैशिष्ट्यं, ‘फरक स्पष्ट करा’ असं असतं, पाठ करून निभतं. ऑनर्सला पहिल्या वर्षापासून कॅल्क्युलस असतं, संख्याशास्त्र असतं आणि पुढे इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे आकडेवारीवरून अर्थशास्त्राचे प्रश्न तपासण्याचं शास्त्र, येतं. पाठांतरावर नव्वदच्या घरात मार्क मिळवलेली मुलं पहिल्या सेमिस्टरला गडबडतात ती इथेच. दुसरी गोष्ट, ‘इकॉनॉमिक्स’ एवढं नाव सारखं असलं म्हणून आतला अभ्यासक्रम सारखा नसतो. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांतल्या बीएला गणित कमी, भारतीय अर्थव्यवस्था, शेती, बँकिंग, सार्वजनिक आयव्यय यांवर भर जास्त, आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ते मराठी माध्यमातूनही करता येतं. बीएस्सी इकॉनॉमिक्स गणिताकडे झुकलेलं असतं. त्यामुळे विद्यापीठाच्या नावाआधी पहिल्या दोन वर्षांचे पेपर कोणते आहेत ते बघा.

आता त्या वहीबद्दल. तुम्ही ती तक्रार म्हणून लिहिली आहे, मला मात्र अख्ख्या पत्रात तेवढीच गोष्ट हाती धरावीशी वाटली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा ती दहावीत होती, तेव्हापासून ती भाव लिहितेय. किमान, कमाल, सरासरी असे तीन रकाने, शेजारी आवक. मे २०२४ मध्ये ४० टक्के शुल्क लावून निर्यात उघडली, सप्टेंबरमध्ये शुल्क २० टक्क्यांवर आलं, १ एप्रिल २०२५ला तेही गेलं. या प्रत्येक तारखेखाली तिने लाल रेघ ओढली आहे. आणि जेवताना तुम्हाला विचारलं, ‘शुल्क निघालं, तरी भाव का चढला नाही?’ तुम्ही लिहिता, ती उलट प्रश्न विचारते. अहो, हा उलट प्रश्न नाही, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, आणि अवघड आहे. एप्रिलमध्ये एका बाजूने शुल्क निघालं, दुसऱ्या बाजूने उन्हाळ कांद्याची आवक वाढली. साठवणुकीच्या चाळीत किती भरायचा आणि किती लगेच विकायचा, हा प्रत्येक शेतकऱ्याचा हिशेब त्यातच मिसळलेला. भावावर शुल्काचा परिणाम किती आणि आवकेचा किती, हे वेगळं काढायचं कसं? त्यासाठीच इकॉनॉमेट्रिक्स शिकायचं असतं. ज्या गणिताला तुम्ही प्रवेशाचं तिकीट समजताय, ते तिला या वहीसाठी लागणार आहे. आणि असं कामासाठी लागलेलं गणित मुलं शिकतात. आकडेमोडीची तिला भीती असती तर लग्नाच्या सुट्टीतही पाहुण्यांकडून लिलावाचे भाव फोनवर विचारून तिने रकाने भरले नसते. हेही तुम्हीच लिहिलंय.

बाजार समितीतल्या नोंदींना कमी लेखू नका. पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये सुरू झाली. तिने सुरुवातीच्या काळात जी कामं हाती घेतली त्यात पुण्याच्या फळबाजाराची पाहणी होती. माल कुठून येतो, किती हातांतून जातो, अडत किती कापली जाते, अशा स्वरूपाचे प्रश्न होते ते. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ पुढे प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. हे तुमच्या मुलीला सांगा. आपण करतोय त्याला काही नाव आहे, हे तिला बहुधा अजून कुणी सांगितलेलंच नाही.

यूपीएससी कुठल्याही पदवीवर देता येते, त्यासाठी इकॉनॉमिक्सच हवं असं नाही. भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा वेगळी आहे, तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते. या दोन्हींचा विचार पदवीच्या शेवटच्या वर्षी केला तरी चालेल.

दिल्ली की पुणे? दिल्ली विद्यापीठात अर्थशास्त्र ऑनर्ससाठी सीयूईटी या सामाईक प्रवेश परीक्षेला गणिताचा पेपर द्यावा लागतो, आणि बारावीला जे विषय होते त्यांचेच पेपर तिथे धरले जातात. एसपी घेतलेल्या मुलीसाठी ते दार यंदा बंद आहे. ते उघडायला वर्ष घालवू नका. तिला हवं असेल, आणि तिला हवं असेल तरच, नाशिक किंवा पुण्यात बीएला अर्थशास्त्र मुख्य विषय घ्यावा, नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत दुय्यम विषय म्हणून संख्याशास्त्र किंवा गणित मिळेल असं कॉलेज शोधावं, आणि बारावी सायन्सचं गणिताचं पुस्तक आणून डेरिव्हेटिव्हपासून हळूहळू सुरुवात करावी. तीन वर्षांत एमएच्या प्रवेश परीक्षेपुरतं गणित तयार होतं. साध्या कॉलेजातल्या बीएनंतर चांगल्या संस्थेत एमएला गेलेले विद्यार्थी माझ्या ओळखीचे आहेत. पहिलं वर्ष त्यांना जड गेलं, पण ते टिकले.

तिने आर्ट्सचं नाव काढलं होतं तेव्हा तिच्या मनात अर्थशास्त्र होतं की इतिहास की आणखी काही, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. म्हणून कुठलाही फॉर्म भरण्याआधी एका संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि ती वही तिला समजावून सांगायला लावा. मध्ये पुतण्याचं नाव काढू नका. ती ‘काहीही चालेल’ म्हणाली तर उठून जाऊ नका, थांबा. पुढचं पत्र तिने लिहू दे, तिच्या अक्षरात, तुम्ही न वाचता पाकिटात घालून. सोबत वहीच्या चार पानांच्या झेरॉक्स पाठवा. पण तिला विचारून.