बंगाली चित्रपट दिग्दर्शक मृणाल सेन यांनी नक्षलवादी काळातल्या, म्हणजे १९७० च्या आसपासच्या, कलकत्त्याकडे कसं पाहिलं?

सहानुभूतीने, पण डोळे मिटून नाही. त्यांचा ‘इंटरव्ह्यू’ (१९७१) बघा. नायक रणजितला गोऱ्या कंपनीतल्या मुलाखतीसाठी सूट हवा असतो आणि नेमका लाँड्रीवाल्यांचा संप! धोतर नेसून जातो, नोकरी हुकते. शेवटी दुकानाच्या काचेतल्या सुटाबुटातल्या पुतळ्यावर तो दगड भिरकावतो. ‘कलकत्ता ७१’ (१९७२) त्या रागाची मुळं शोधत १९३३ मधल्या गळक्या झोपडीपर्यंत मागे जातो. मला मात्र ‘पदातिक’ (१९७३) सगळ्यात धीट वाटतो. पोलिसांना चुकवून एका सुखवस्तू बाईच्या फ्लॅटमध्ये लपलेला नक्षलवादी कार्यकर्ता आपल्याच नेतृत्वाला जाब विचारू लागतो. चळवळ चिरडली जात असताना, स्वतः डाव्या विचारांच्या दिग्दर्शकाने हे दाखवणं म्हणजे घरच्यांचीच, म्हणजे डाव्यांचीच, बोलणी खाणं. एकच बघायचा असेल तर हाच बघा.