फोकबोट या जुन्या शिडाच्या बोटी एकूण किती आणि कुठे बांधल्या गेल्या, हे घरबसल्या कसं शोधायचं?

प्रत्येक साइट वेगळा आकडा देते, खरा कोणता, असं तुम्ही विचारलंय. मी आलापल्लीकडचा सुतार. आमच्याकडं बोट म्हणजे नदीतला डोंगा, पण लाकडाच्या ओढीनं या बोटींच्या मागं लागलो. आकडे जुळत नाहीत, कारण जो तो वेगळ्याच बोटी मोजतो.

मूळ नॉर्डिक फोकबोट कुण्या एका कंपनीची नव्हतीच. स्कँडिनेव्हियातल्या शिडबोट संघटनेनं बोटीच्या नकाशांची स्पर्धा घेतली, ५८ नकाशे आले, पहिला नंबर कुणालाच दिला नाही. मग चांगल्या नकाशांतलं निवडून टोर्ड सुन्डेननं एक नकाशा काढला, जहाजमालक स्वेन सालेननं पैसा लावला आणि १९४२ मध्ये पहिली बोट पाण्यात उतरली. (श्रेयावरून पुढं वाद झालाच, तो होणारच होता.) नियम पाळले की कुठल्याही यार्डानं बांधावी, त्यामुळं सगळ्या बोटींची एकच वही कुठं मिळेल, ही आशा सोडा.

याउलट १९६० च्या दशकात सुन्डेननंच काढलेली ‘आयएफ’ म्हणजे इंटरनॅशनल फोकबोट फायबरची, स्वीडनच्या मारिएहोल्ममधली. १९८४ पर्यंत सुमारे ३४०० निघाल्या. हिला मूळ फोकबोटीत मिळवलं की बेरीज फुगते. इंग्लंडची कॉन्टेसा २६ हीसुद्धा याच घराण्यातली, पण वेगळी मोजा.

खरी गंमत १९७० च्या दशकातल्या डॅनिश फायबर फोकबोटीत आहे. लाकडी बोटीत फळीवर फळी चढवून तांब्याच्या रिव्हेटनं ठोकतात. फायबरच्या साच्यातही त्या फळ्यांच्या पायऱ्या तशाच ठेवल्या, कारण दोन्ही बोटी एकाच शर्यतीत पळायच्या होत्या. बाहेरच्या फोटोवरून फसाल. आतला फोटो मागवा: ओकच्या फासळ्या आणि रिव्हेटच्या ओळी दिसल्या, तर लाकूड.

आता कागदपत्रं. बोटीचं नाव मालकागणिक बदलतं, म्हणून शिडावरचा नंबर धरा. सातबाऱ्यावर फेरफार होऊन नाव बदललं तरी गट नंबर तोच राहतो, तसंच हे. फक्त प्रत्येक देशाचे नंबर स्वतंत्र आहेत, त्यामुळं विकून दुसऱ्या देशात गेलेली बोट दोन याद्यांत सापडू शकते. देशोदेशीच्या फोकबोट संघटनांना मेल करा, मोजमापाचं प्रमाणपत्र विचारा. बांधणाऱ्याचं नाव बहुधा तिथंच सापडतं. १९८० पर्यंत निघालेलं लॉइड्सचं यॉट रजिस्टर, म्हणजे अशा बोटींची छापील यादी, स्कॅन केलेलं मिळतं, मात्र त्यात सगळ्या बोटी नाहीत. अमेरिकेत १९७२ पासून सुरू झालेला बारा अक्षरांचा हल नंबर (बोटीच्या अंगावरचा ओळख नंबर) जुन्या लाकडी बोटींवर शोधत बसू नका.

राहता राहिली ब्रिटिश दर्यावर्दी हॅस्लरची ‘जेस्टर’ ही बोट, १९६० च्या एकट्यानं अटलांटिक ओलांडायच्या शर्यतीत दुसरी आलेली. तळ फोकबोटीच्या घाटाचा, पण फळ्या कडेला कड लावून बसवलेल्या आणि शीड चिनी पद्धतीचं. माझ्या वहीत तिला मी वेगळ्या रकान्यात टाकलंय. तुम्ही कुठं टाकता ते आधी ठरवा, मग बेरीज करा.