वही जाळू नका, पण त्या घरी जाणं थांबवा

वेंगुर्ल्याच्या ताई,

‘सवत असती तर भांडले तरी असते, ह्या चोराशी काय भांडू?’ तुमच्या पत्रातल्या या ओळीने जीव कळवळला. यजमान पोलिसात सहायक फौजदार होते, 58व्या वर्षी निवृत्त झाले. मे महिन्यात नातवाने मोबाइलवर ‘लुपिन तिसरा’ हे चोर-पोलिसाचं जपानी कार्टून लावून दिलं. त्यातला इन्स्पेक्टर झेनिगाटा ‘माझोच माणूस’ म्हणत ते रात्री उशिरापर्यंत बघतात, आणि तीस वर्षांपूर्वी हातून निसटलेला चोर त्यांच्या डोक्यात पुन्हा येऊन बसलाय. जुनी वही पिशवीत घालून एसटीने कधी कुडाळ, कधी कणकवली. ती वही चुलीत घालू का, असं तुम्ही विचारलंत.

नका घालू. तिच्यात त्यांची अख्खी नोकरी आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मंकी पंच या जपानी चित्रकाराने 1967 साली लुपिन तिसरा नावाचा चोर चित्रकथेत आणला. मोरिस लब्लां या फ्रेंच लेखकाने 1905 मध्ये जन्माला घातलेल्या आर्सेन लुपिनचा हा नातू. हसरा, बोलका, लोकांना हवाहवासा. झेनिगाटा बेड्या घेऊन देशोदेशी त्याच्या मागे, आणि हातात आलेला लुपिन पुन्हा पुन्हा पसार. लोक झेनिगाटाला हसतात. मला तो फार मोठा वाटतो. 1979 च्या हायाओ मियाझाकींच्या ‘द कॅसल ऑफ कॅग्लिओस्ट्रो’ या चित्रपटात त्याला खोट्या नोटांचा छापखाना सापडतो. प्रकरण राजकारणात गुंतलेलं, म्हणून वरिष्ठ अंग काढून घेतात. मग हा गडी लुपिनशी तात्पुरता समझोता करतो आणि त्याला पकडायचं निमित्त करून टीव्हीचा कॅमेरा थेट त्या छापखान्यात नेतो. चोर नाही सापडला, पण पोलिसाचं काम झालं. हा चित्रपट यजमानांसोबत तुम्हीही बघा, आणि या जागेवर त्यांना बोलतं करा.

तुमच्या यजमानांचा चोरही गोडबोल्याच होता. मुंबईकराचा भाचा म्हणून बंद घरासमोर उभा राहिला, शेजारणीने चहा दिला आणि वर चावीही दिली! ती बाई पुढे ठाण्यात येऊन रडली, हे त्यांनी वहीत लिहून ठेवलंय, असं तुम्हीच कळवलंत. ताई, मला वाटतं त्यांना चोर नाही सोडवत, ती बाई सोडवत नाही. तिला दिलेला शब्द राहून गेला. एकदा दुपारी ‘वही वाचून दाखवा’ म्हणा. इतक्या वर्षांत घरात कुणी ते विचारलंच नसेल.

एका बाबतीत मात्र मऊ राहू नका. संशयिताच्या भावाच्या खळ्यात जाऊन ते तास तास बसतात, हे आजच थांबलं पाहिजे. त्या म्हाताऱ्या माणसाने काही केलेलं नाही. निवृत्त माणसाला कुणाची चौकशी करायचा अधिकार नाही, आणि उद्या त्या घरच्यांनी तक्रार केली तर आयुष्यभराच्या नोकरीला डाग लागेल. नवीन काही कळलंच तर लेखी ठाण्यात द्यावं, पुढचं तिथले लोक बघतील. हे तुम्ही सांगून ऐकणार नाहीत. त्यांच्या हाताखाली शिकलेला, आज नोकरीत असलेला कुणी असेल, त्याला घरी बोलवा. खात्यातल्या माणसाचं ते ऐकतील.

आणि त्यांना काम लागतं. गणपती आटोपले की चाकरमानी कुलपं लावून जातात, वाडीच्या वाडी ओस पडते. कुठलं घर बंद, चावी कुणाकडे, विचारत कोण आलं होतं, याची नोंद ठेवायला त्यांच्याइतका जाणता माणूस तुमच्या वाडीत दुसरा नसेल. पोलीसपाटलांशी बोलून बघा. किनाऱ्यावरच्या गावांत सागर रक्षक दलही असतं, तिथेही अनुभवी माणूस हवाच असतो.

राहता राहिला तुमचा प्रश्न, जो तुम्ही पत्राच्या शेवटी कोपऱ्यात लिहिलाय. सावंतवाडीच्या बहिणीकडे जायचं, ‘ह्यांका एकट्याक कसा ठेवूचा’ म्हणून दरवेळी रद्द करता. या खेपेला जा. दोन-चार दिवस त्यांची पेज ते शिजवून घेतील.