ओट्याचा दगड कापताना रुमाल पुरतो का?

तुम्ही विचारलंय, ग्रॅनाइट आणि क्वार्ट्झचे ओटे बसवणारी तुमची चार पोरं नाकाला ओला रुमाल बांधून कटर चालवतात, तेवढं पुरे का? नाही, अजिबात नाही. बावीस वर्षं याच धंद्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दिसणारी धूळ बरीचशी नाका-घशात अडकते. घात करते ती न दिसणारी. ती रुमालातून आरपार जाते, फुप्फुसाच्या तळाशी बसते आणि तिथेच राहते. त्या धुळीतला घातक भाग म्हणजे सिलिका, दगडातलंच एक खनिज. ग्रॅनाइटमध्ये ती साधारण पाव ते तिसरा हिस्सा. कृत्रिम क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये मात्र ९० टक्क्यांच्या वरही असते. म्हणून तर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली.

आमचे एक मिस्त्री होते. सिंकचा कटआऊट त्यांच्याइतका साफ कुणी काढत नसे. खोकला सुरू झाला, थुंकीत काही सापडलं नाही तरी सहा महिने टीबीच्या गोळ्या झाल्या. शेवटी छातीच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, "काम काय करता?" तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. सिलिकोसिस निघाला, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. झालेलं नुकसान भरून काढणारं औषध नाही. एक मजला चढताना ते दोनदा पायरीवर बसायचे. तेव्हा मीही रुमालावरच विसंबून होतो, हे अजून सलतं.

धूळ ब्लेडपाशीच पाण्यात बुडवा. माप घेऊन या. कटआऊट, कडेचं मोल्डिंग, सगळं वर्कशॉपमध्ये, सलग पाण्याच्या धारेखाली करा. घोळ होतो तो साइटवर, "अर्धा इंचच घासायचंय" म्हणत कोरडा ग्रायंडर लावतात तेव्हा. साध्या विजेच्या ग्रायंडरवर पाणी ओतू नका, शॉक बसेल. पाण्याची सोय असलेलं मशीन, ईएलसीबी (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) लावून, किंवा हवेवर चालणारा ग्रायंडर घ्या. कापताना साचणारी रबडी, म्हणजे दगडाच्या भुकटीचा चिखल, ओली असतानाच धुऊन काढा. वाळली की तीच परत धूळ. झाडू नको, आणि कॉम्प्रेसरने अंगावरचे कपडे झटकणं आजच बंद करा. एन-९५ हवाच, पण पाण्याच्या जोडीला. दोन्ही पट्टे लावून, आणि दाढी असेल तर तो नीट बसतच नाही. वर्षातून एकदा एक्स-रे आणि फुंकणीची तपासणी (नळीत फुंकून फुप्फुसाची ताकद मोजतात ती) करा. जुन्या फिल्म जपून ठेवा, तुलनेला लागतात. सिलिकोसिसमध्ये टीबीचा धोकाही वाढतो, तीही तपासणी डॉक्टरांना करायला सांगा.

आज संध्याकाळी काम संपल्यावर वर्कशॉपचे दिवे मालवा आणि टॉर्चचा झोत आडवा धरून बाजूने बघा. हवेत काय तरंगतंय ते पोरांनाही दाखवा.