म्हादईत ट्राउट सापडला असता का?

प्रश्न : मी वाळपईला राहतो आणि एका दिवाळी अंकासाठी पोर्तुगीज काळातल्या गोव्यावर कथा लिहितो आहे. कथेतला इंग्रज पाहुणा 1930 च्या सुमारास मे महिन्यात सत्तरीत येतो, म्हादईत गळ टाकून ट्राउट पकडतो आणि परतताना मांडवीच्या मुखाशी त्याच्या गळाला सॅमन लागतो. हा भाग वाचून माझे थोरले काका म्हणाले की असले मासे आपल्याकडे कधी नव्हतेच. पण पणजीतल्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर 'इंडियन सॅमन' छापलेला मी स्वतः पाहिला आहे. खरे काय, आणि कथेत काय बदलावे?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : आपल्या काकांचे म्हणणे बरोबर आहे. मेन्यूकार्डावरचा 'इंडियन सॅमन' म्हणजे आपला रावस. खऱ्या सॅमनशी त्याचे कुळाचेही नाते नाही. खाणाऱ्या परदेशी माणसाला ओळखीचे वाटावे एवढाच त्या नावाचा उपयोग. साहेब लोक जिथे गेले तिथे त्यांनी घरच्या माशांची नावे परक्या माशांना दिली. आपल्या नद्यांतल्या महासीरला, म्हणजे खडसाला, काहींनी सॅमन म्हटले, हिमालयातल्या एका माशाला 'स्नो ट्राउट' म्हटले, आणि ऑस्ट्रेलियात तर सॅमनशी काही संबंध नसलेला मासा आजही 'ऑस्ट्रेलियन सॅमन' म्हणूनच विकला जातो. जुन्या इंग्रजी आठवणींत हिंदुस्थानातल्या नदीकाठी 'ट्राउट' दिसला, तर आधी तो प्रदेश कोणता आणि उंची किती हे पाहावे.

कारण खरा अडथळा पाण्याच्या तापमानाचा आहे. पाणी वीस अंशांच्या वर गेले की ट्राउट कासावीस होऊ लागतो आणि पंचविसाच्या आसपास त्याच्या जिवावर बेतते. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो : 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम, तर 30 अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. मे महिन्यात सत्तरीतले ओहोळ आटून त्यांच्या कोंडी उरतात आणि त्यांतले पाणी दुपारी कोमट लागते, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. निलगिरीत ट्राउट टिकला तो सुमारे दोन हजार मीटर उंचीवरच्या थंड ओढ्यांत. गोव्याची सर्वांत उंच शिखरेसुद्धा अकराशे मीटरच्या थोडीच वर जातात.

बरे, हे मासे उष्ण प्रदेश ओलांडून आणणे तरी सोपे होते का? या प्रयत्नांचा इतिहास कोणत्याही कथेइतका रंजक आहे. जानेवारी 1864 मध्ये 'नॉरफोक' नावाचे जहाज इंग्लंडहून निघाले, तेव्हा त्यावरच्या बर्फघरात लाकडी पेट्यांमध्ये ओल्या शेवाळाच्या थरांत एक लाखाहून अधिक सॅमनची आणि दोन-तीन हजार ट्राउटची अंडी ठेवलेली होती. गारव्यामुळे अंड्यांची वाढ मंदावते, आणि त्या मंदावलेल्या वेळातच विषुववृत्त ओलांडून पलीकडची थंड नदी गाठायची, अशी ती सगळी योजना. जहाज एप्रिलमध्ये मेलबर्नला लागले, अंडी पुढे टास्मानियातल्या प्लेंटी नदीकाठच्या तळ्यांत पोहोचली आणि मे महिन्यात त्यांतून पिल्ले बाहेर पडली. वाढलेले सॅमन समुद्रात गेले ते परत आलेच नाहीत. ज्या ट्राउटवर फारशी मदार नव्हती, तो मात्र त्या नद्यांत कायमचा रुजला. हिंदुस्थानात मत्स्यतज्ज्ञ फ्रान्सिस डे यांनी 1860 च्या दशकात निलगिरीत केलेले प्रयत्न फसले. काश्मीरला पाठवलेली पहिली अंडी वाटेतच मेली, 1900 च्या खेपेला यश आले. निलगिरीत ते येण्यास विसाव्या शतकाचे पहिले दशक उजाडावे लागले. म्हणजे आपला पाहुणा 1930 मध्ये उटकमंडच्या (आजच्या ऊटीच्या) बाजूला ट्राउट पकडू शकला असता, आणि गोव्यात येऊन त्याच्या आठवणी सांगू शकला असता.

गोव्यात येण्याचे निमित्तही त्याला सहज मिळेल. मुरगाव ते कॅसलरॉक हा लोहमार्ग ब्रिटिश कंपनीने बांधला होता आणि 1880 च्या दशकापासून त्यावर गाड्या धावत होत्या. पाहुणा त्या रेल्वेतला अभियंता असला तर दूधसागराच्या पायथ्याशी त्याने गळ टाकून पाहणे अगदी स्वाभाविक वाटेल; तिथे ट्राउट न मिळाल्याची त्याची निराशाही कथेला उपयोगी पडेल.

मांडवीच्या मुखाशी सॅमनच्या जागी चोणक घालावा. गळाला लागल्यावर तो जोरदार झुंज देतो, पाण्याबाहेर उसळी मारतो, आणि त्याचे जीवनचक्र सॅमनच्या अगदी उलटे आहे : सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत परततो, चोणकाची अंडी खाडीच्या तोंडाशी खाऱ्या पाण्यात पडतात आणि पिल्ले मानशीतून (बांधाच्या पाणदारातून) खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांत, आणि तिथून गोड्या पाण्यापर्यंत शिरून वाढतात. सॅमनप्रमाणे प्रवाहाविरुद्ध चढणारे मासेच हवे असतील, तर कथा मे ऐवजी जूनमध्ये न्यावी. पहिल्या जोरदार पावसात ओहोळ भरून शेतात पाणी शिरते, आणि पोटात गाबोळी घेतलेले चढणीचे मासे उथळ पाण्यात पाठ उघडी पडली तरी वर सरकत राहतात. रात्री लोक चुडी पेटवून त्यांच्यामागे धावतात. गाबोळीचे मासे असे सरसकट मारल्याने पुढच्या वर्षीची वीण तुटते, हे मला फार लागते. पण 1930 च्या कथेत ते दृश्य खरे आहे आणि परक्या माणसाच्या नजरेतून ते लिहिण्याजोगे आहे.

त्याच्या साहित्याविषयी थोडे सांगतो. त्या काळी नायलॉनची तंगूस नव्हती. दोरी विणीव रेशमाची असे, ती रोज वाळवून तेलकट ठेवावी लागे. तिच्या टोकाचा पारदर्शक धागा रेशीमकिड्याच्या पोटातल्या ग्रंथी ताणून केलेला असे. कोरडा असताना तो तारेसारखा कडक, म्हणून गाठ मारण्याआधी पाण्यात भिजत घालावा लागे. चांगली काठी बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या चिकटवून बनवीत. गळावर आमिषाऐवजी पिसे बांधून केलेली खोटी माशी असे, आणि सॅमनसाठीच्या उत्तम माशीला दोन्ही बाजूंनी डोळ्यासारखी दिसणारी पिसे लागत. मेणाचा थेंब पडून थिजावा तसा पिवळट चकचकीत ठिपका असलेली ती पिसे आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची. स्कॉटलंडच्या नद्यांवर सॅमनला भुलवायला हीच पिसे वापरीत. आपल्या पाहुण्याने वाळपईला पहाटे या खोट्या माश्यांची डबी उघडावी, आणि त्याच वेळी मागच्या रानात तो कोंबडा आरवावा.