ऑपरेशनशिवाय लिंगाची ताठरता परत येऊ शकते का?

तुम्ही विचारलंय: वय 48, बरीच वर्षं शुगर, ताठरता येत नाही, आणि पहिल्याच भेटीत कुणी 'इम्प्लांट (ऑपरेशन करून लिंगात बसवायचं कृत्रिम साधन) बसवा' म्हटलं, त्यामुळे तुम्ही घाबरलाय. मी फार्मासिस्ट आहे. मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न मी दबक्या आवाजात नेहमी ऐकतो. बहुतेकांना ऑपरेशनची गरजच पडत नाही. शिवाय इम्प्लांट बसवल्यावर नैसर्गिक ताठरता परत येत नाही, म्हणून तो अगदी शेवटचा उपाय.

पण गोळीच्याही आधी हृदयाचा विचार करा. लिंगाच्या रक्तवाहिन्या जेमतेम 1 ते 2 मिलिमीटरच्या, हृदयाच्या 3 ते 4. वाहिन्या खराब होऊ लागल्या की त्रास आधी बारीक नळीत दिसतो, छातीत नंतर. शुगर असलेल्या माणसाने ही सूचना अजिबात दुर्लक्षू नये. बीपी, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर), कोलेस्टेरॉल आणि सकाळचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) तपासून घ्या. पहाटे झोपेत किंवा उठताना ताठरता येते का, तेही डॉक्टरांना सांगा. येत असेल तर नसा-वाहिन्या बऱ्यापैकी ठीक आहेत आणि मनावरचा ताण हे मोठं कारण असू शकतं. तंबाखू, सिगारेट मात्र आजच बंद करा.

आता गोळ्या. सिल्डेनाफिल मुळात छातीतल्या दुखण्यासाठी तपासलं जात होतं, 1998 मध्ये अमेरिकेत या त्रासासाठी मंजूर झालं. 'गोळी घेतली, काही झालं नाही' म्हणणारे पुष्कळ जण ती भरपेट, तेलकट जेवणावर घेतात आणि मग वाट पाहत बसतात. ती साधारण तासभर आधी, हलक्या पोटी घ्यायची असते, आणि उत्तेजना नसेल तर ती काहीच करत नाही. टाडालाफिल या दुसऱ्या गोळीचा असर 36 तासांपर्यंत राहतो, जेवणाची अडचण नसते. एकदोनदा फसलं म्हणून सोडू नका, डॉक्टर डोस बदलून देतात.

छातीतल्या दुखण्यासाठी जिभेखाली सॉर्बिट्रेट किंवा कुठलंही नायट्रेट घेत असाल तर या गोळ्या कधीही घ्यायच्या नाहीत. बीपी एकदम कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणूनच चिठ्ठीशिवाय गोळी मागणाऱ्याला मी नाही म्हणतो. 'शुद्ध आयुर्वेदिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांची तर मला जास्तच भीती वाटते, कारण अशा कित्येक उत्पादनांत तपासणीत न सांगता मिसळलेलं सिल्डेनाफिल सापडलंय. पुडी खाणाऱ्याला ते कळणार कसं?

गोळ्या लागू पडल्या नाहीत तर लिंगात रक्त ओढून ताठरता आणणारा व्हॅक्यूम पंप आहे (ताठरता टिकवायला लिंगाच्या मुळाशी बसवायची त्याची रिंग 30 मिनिटांपेक्षा जास्त ठेवायची नाही) आणि डॉक्टरांनी शिकवून दिलेलं, लिंगात घ्यायचं अल्प्रोस्टाडिल या औषधाचं इंजेक्शनही आहे. ताठरता 4 तासांनंतरही उतरली नाही तर लाजत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा.

युरॉलॉजिस्टकडे (मूत्रमार्ग आणि लिंगाच्या विकारांचे डॉक्टर) जाताना शक्य असेल तर पत्नीलाही सोबत न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं घेऊन जा, कारण बीपीच्या काही गोळ्यांनीही हा त्रास होतो. त्या स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना बदलून मागा.