उसने आठ लाख, अपील आणि उरलेले अकरा दिवस

सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक वाचक लिहितात, की ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी मित्राला आठ लाख रुपये उसने दिले. परतफेडीचा धनादेश वटला नाही, म्हणून चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी फिर्याद केली. पण मार्चमधल्या एका तारखेला ते स्वतः रुग्णालयात आणि वकील दुसऱ्या न्यायालयात असल्याने, पुरावा न होताच नाशिकच्या दंडाधिकाऱ्यांनी आरोपीची निर्दोष मुक्तता केली. अपिलासाठी तीन लाखांची ठेव मोडावी का, हा त्यांचा प्रश्न आहे.

अपील करावे, पण वकिलांकडून खर्चाचा लेखी आकडा घेतल्याशिवाय ठेवीला हात लावू नये. पूर्वी अशा आदेशाविरुद्ध साठ दिवसांत उच्च न्यायालयाची खास परवानगी मागावी लागे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने धनादेशाच्या खटल्यात फिर्याद करणाऱ्यालाही पीडित मानल्यामुळे परवानगीवाचून सत्र न्यायालयात, म्हणजे नाशिकातच, दाद मागता येते. तरी साठ दिवस उलटू देऊ नयेत. आजारपणाचे कागद आणि आधीच्या तारखांची हजेरी असेल, तर आदेश रद्द होऊ शकतो. मात्र त्यानंतर खटला पुन्हा दंडाधिकाऱ्यांपुढेच चालेल, पैसे लगेच मिळणार नाहीत.

खरी चूक पत्राच्या शेवटच्या ओळीत आहे. ‘दुप्पट, म्हणजे सोळा लाख मिळतील’ या भरवशावर आपण बँकेतील अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून वर्षाला दोन लाख, दहा वर्षे हप्ता असलेली ‘हमखास परताव्याची’ विमा पॉलिसी घेतली. दुप्पट ही दंडाची कमाल मर्यादा आहे, आपला हक्क नव्हे. निवृत्त माणसाच्या गळ्यात वीस लाखांचे बंधन घालणाऱ्याने स्वतःचा फायदा पाहिला, आपला नाही. पॉलिसी हाती येऊन १९ दिवस झाले आहेत. परत करण्याची मुदत ३० दिवसांची असते, म्हणजे अकरा उरले. उद्याच लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. किरकोळ वजावट होऊन हप्ता परत मिळेल.

दुसरी गोष्ट आपण विचारलीच नाही: दिवाणी दावा. फौजदारी खटला चालू असला तरी वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत थांबत नाही, आणि उसने दिल्याच्या दिवसापासून मोजली तर ती येत्या ऑक्टोबरात, २०२६ मध्ये, संपते. बँकेतून दिलेल्या रकमेची नोंद आणि परत आलेला धनादेश हाती आहे, तेव्हा हप्त्याचे परत येणारे दोन लाख आधी या दाव्याच्या न्यायालयीन शुल्कासाठी राखून ठेवावेत.